पडद्यामागे कोण आहे?

मैत्रिणींनो, कॉम्प्युटर आता आपल्या घरातला नवा पाहुणा राहिलेला नाही. मुलांचा अभ्यास, बचत गटाचा हिशेब, विजेचं बिल, सातबाऱ्याचा उतारा, लांब गावी नोकरीला असलेल्या लेकीशी गप्पा... सगळं त्याच्यासमोर बसूनच चालतं. घरातल्या कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण ज्या कॉम्प्युटरवर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो, त्याच्या आत काय काय चालू आहे, हे मात्र आपण 'मुलाला विचारते' किंवा 'ह्यांना माहीत' असं म्हणून सोडून देतो.

गेले काही महिने आमच्या महिला मंडळात एक प्रश्न वारंवार येतोय. "ताई, आपण पडद्यावर जे काही करतो त्याचं कॉम्प्युटर गुपचूप शूटिंग करतो म्हणे, खरं का हो?" विचारणाऱ्या बायका काही अडाणी नाहीत. कुणी बी.ए., कुणी बी.कॉम., कित्येकींनी तर एमएस-सीआयटीही केलेलं. मी स्वतः कला शाखेची पदवीधर, इंजिनिअर नव्हे. पण प्रश्न एवढ्या जणींचा म्हटल्यावर दोन-चार जाणकारांना विचारलं, स्वतः कॉम्प्युटर उघडून खात्री करून घेतली. उत्तर असं आहे, की असं शूटिंग होऊ शकतं. पण ते दरवेळी चोरूनच चाललेलं असतं असं नाही, आणि दरवेळी निर्धोक असतं असंही नाही. आपल्याला फरक ओळखता आला पाहिजे, एवढंच.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. आपण कॉम्प्युटरवर एखादी चिठ्ठी टाइप करत असतो, तेव्हा तो काही तेवढं एकच काम करत नसतो. आपण पुढच्या खोलीत पाहुण्यांशी बोलत असतो आणि आत गॅसवर कुकर चढलेला असतो, दूध तापत असतं, टाकी भरत असते, तसंच हे. घड्याळ पुढे नेणं, व्हायरसवर लक्ष ठेवणं, नेट जोडलेलं ठेवणं अशी कितीतरी कामं मागच्या मागे चालू असतात. ती बघायची सोय कॉम्प्युटरमध्येच असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली, की 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी उघडते. आत्ता या क्षणी कोणकोणती कामं चालू आहेत आणि कोण किती मेमरी खातंय, याची यादीच तिथे दिसते.

आता या यादीने एका घरात काय गोंधळ घातला, ते सांगते. आमच्या गटातली एक जण पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेते. घरातला जुना लॅपटॉप, त्यावर गटाचा दोन वर्षांचा हिशेब. लॅपटॉप एकाएकी गोगलगाईसारखा चालायला लागला. कुणीतरी सांगितलं म्हणून तिने टास्क मॅनेजर उघडला, तर यादीत 'ब्रॉडकास्ट डीव्हीआर सर्व्हर' असं नाव! ब्रॉडकास्ट म्हणजे प्रक्षेपण आणि डीव्हीआर म्हणजे दुकानातल्या सीसीटीव्हीची ती रेकॉर्डिंगची पेटी, एवढं तिला ठाऊक होतं. झालं! आपलं चित्रीकरण होऊन कुठेतरी दाखवलं जातंय, अशी तिची खात्रीच पटली. लॅपटॉप अधूनमधून वापरणाऱ्या पुतण्यावर संशय गेला. जावा-जावांमध्ये आठ दिवस अबोला. दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर दुकानदार म्हणाला, "व्हायरस आहे वहिनी, सगळं पुसून नव्याने भरावं लागेल." म्हणजे पैसे जाणार ते जाणारच, वर दोन वर्षांचा हिशेबही जाणार!

प्रत्यक्षात होतं काय? विंडोजवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीनेच 'गेम बार' नावाची एक सोय दिलेली आहे. २०१५ साली विंडोज १० आलं, तेव्हापासून ती आहे. गेम खेळणाऱ्या मुलांना आपण कसे जिंकलो हे मित्रांना दाखवायची हौस असते, त्यांच्यासाठी ही पडद्याचं चित्रीकरण करायची सोय. 'ब्रॉडकास्ट डीव्हीआर सर्व्हर' हा तिचाच भाग. चोर नव्हे, घरातलाच गडी. पुतण्याने गेमसाठी ते चित्रीकरण चालू केलं होतं आणि तसंच ठेवून दिलं होतं. जुन्या लॅपटॉपला तो भार सोसवेना. गेमच्या मोठमोठ्या चित्रफिती साठून आतली जागाही भरत आली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

हा गडी नेमकं करतो तरी काय, तेही सांगते. गेम बारमध्ये चित्रीकरणाचे दोन प्रकार आहेत. एक आपण बटण दाबून सुरू करायचं, विंडोजचं बटण, ऑल्ट आणि आर एकदम दाबून. पुन्हा तीच बटणं दाबली की ते थांबतं. दुसरा प्रकार मागच्या मागे चालणारा. तो चालू ठेवला, तर गेम सुरू असताना शेवटची काही सेकंदं सतत तात्पुरती धरून ठेवली जातात. नेहमीची मर्यादा तीस सेकंदांची, ती दहा मिनिटांपर्यंत वाढवता येते. खेळणाऱ्याने 'साठव' म्हटलं तरच तो तुकडा फाइल होऊन राहतो, नाहीतर मागचं पुसत पुढे जातं. हा दुसरा प्रकार कंपनीकडून बंदच येतो, कुणीतरी तो चालू करावा लागतो. आणि ही चित्रं जातात कुठे? आपल्याच कॉम्प्युटरमध्ये, 'व्हिडिओज' फोल्डरच्या आत 'कॅप्चर्स' नावाचा फोल्डर असतो, तिथे. आपण होऊन पाठवल्याशिवाय ती बाहेर जात नाहीत.

बंद कसं करायचं? टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर क्लिक करून 'एंड टास्क' म्हटलं, तर ते काम तेवढ्यापुरतं थांबतं. उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचा हबका मारावा तसं. खालचा गॅस बंद करायचा तर 'सेटिंग्ज' उघडायचं, त्यात 'गेमिंग' आणि त्यात 'कॅप्चर्स'. विंडोज ११ असेल तर तिथे 'रेकॉर्ड व्हॉट हॅपन्ड' असा पर्याय दिसेल. विंडोज १० मध्ये हेच जरा लांबलचक वाक्यात लिहिलेलं असतं, गेम खेळताना मागच्या मागे रेकॉर्ड कर, अशा अर्थाचं. त्यासमोरचं बटण बंद करायचं. मग 'कॅप्चर्स' फोल्डर उघडून नको असलेल्या चित्रफिती काढून टाकायच्या. आमच्या मैत्रिणीचा लॅपटॉप एवढ्यानेच पुष्कळ सुधारला. पुसायची वेळच आली नाही, हिशेब जिथल्या तिथे राहिला. (जाता जाता सांगते, विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरात अजून तेच असेल, तर पुढे काय करायचं याचा विचार घरच्यांनी मिळून एकदा जरूर करावा.)

एक खबरदारी मात्र हवी. बदमाश प्रोग्रामही कधी कधी सभ्य नाव घेऊन बसतात. म्हणून यादीतल्या नावावर उजवं बटण दाबून 'ओपन फाइल लोकेशन' म्हणावं. विंडोजचा खरा 'ब्रॉडकास्ट डीव्हीआर सर्व्हर' विंडोजच्याच 'सिस्टम ३२' या फोल्डरमध्ये राहतो. त्याच नावाचा प्रोग्राम 'डाउनलोड्स'मध्ये किंवा भलत्याच ठिकाणी सापडला, तर शंका घ्यायला जागा आहे. मग 'विंडोज सिक्युरिटी' उघडून संपूर्ण तपासणी करावी आणि माहितगार माणसाला दाखवावं. पण 'सिस्टम ३२'मधलं काहीही स्वतःच्या हाताने पुसायला जाऊ नये.

इथवर वाचून वाटेल, चला, म्हणजे काळजीचं कारण नाही! थांबा. पडद्याचं चित्रीकरण करणारे सगळेच काही घरचे गडी नसतात. म्हणून मी मंडळातल्या बायकांना तीन प्रश्न पाठ करायला सांगते. हे सुरू कुणी केलं? ते साठतं कुठे? आणि बघतं कोण? कॉम्प्युटरची कितीही माहिती नसली, तरी या तीन प्रश्नांची उत्तरं मागण्याचा हक्क आपल्याला आहेच.

घरबसल्या कामाचंच घ्या. आमच्या ओळखीची एक मुलगी, लग्नाआधी बँकेत टायपिंग करायची. आता लहान बाळ असल्याने घरून डेटा एन्ट्री करते. काम देणाऱ्यांनी तिच्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम टाकायला सांगितला. तो दर काही मिनिटांनी पडद्याचा फोटो काढून त्यांच्याकडे पाठवतो. काम चालू आहे की नाही हे बघण्यासाठी. नोकरी देणाऱ्याला कामावर लक्ष ठेवावंसं वाटणं मी समजू शकते. पण लॅपटॉप तिचा स्वतःचा! त्याच पडद्यावर ती नवऱ्याच्या पगाराचं खातं बघते, डॉक्टरचे रिपोर्ट उघडते, आईशी व्हिडिओवर बोलताना बाळाला पाजतेही. त्या पाच मिनिटांत नेमका फोटो निघाला तर? तो कुठे जातो, कोण बघतं, किती दिवस ठेवतात, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. "विचारलं तर काम काढून घेतील," म्हणाली.

मैत्रिणींनो, ही भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण विचारण्याचीही एक रीत असते. 'मला तुमच्या नियमांची हरकत नाही, फक्त फोटो कोणत्या वेळात निघतात आणि ते कुठे ठेवले जातात एवढं लेखी कळवा,' असं नम्रपणे लिहून पाठवलं तर त्यात भांडण कुठे आलं? तिने तसं लिहिलं. कामाच्या वेळेपुरताच प्रोग्राम चालू ठेवायचा आणि काम संपलं की तो पूर्ण बंद करायचा, असं उत्तर आलं. आता ती काम संपल्यावर टास्क मॅनेजर उघडून तो खरंच बंद झालाय ना, हे बघते आणि मगच बाकीची कामं करते. बँकेचं काम तर अशा कॉम्प्युटरवर शक्यतो करूच नये. दुसरा इलाज नसेल, तर तो प्रोग्राम बंद असल्याची खात्री करूनच करावं.

दुसरे आहेत ते सरळ सरळ लुबाडणारे. फोन येतो, 'बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद होणार आहे.' किंवा 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, मी दुरुस्त करून देतो.' मग एक ॲप घ्यायला सांगतात. ते ॲप असतं दुसऱ्याचा पडदा लांबून बघण्याचं. अशी ॲप मुळात वाईट नाहीत, दुरुस्ती करणारे लोक ती कामासाठी वापरतात. एनीडेस्क हे त्यातलंच एक नाव. पण त्याचा गैरवापर करून लोकांची खाती रिकामी केली जात होती, म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला बँकांना सावध करावं लागलं होतं. अनोळखी माणसाला आपण होऊन पडदा दाखवणं म्हणजे तिजोरी उघडत असताना त्याला खांद्यामागे उभं करणं. ओटीपी तोंडाने सांगितला नाही, तरी तो त्याला दिसतो ना!

चुकून असं काही झालंच, तर रडत बसू नका आणि घरी बोलणी बसतील म्हणून लपवूही नका. पहिल्यांदा नेट तोडा. वायफायचं बटण बंद करा, नाहीतर सरळ राउटरची पिन काढा. मग बँकेला कळवा आणि १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवा. हा क्रमांक सायबर फसवणुकीसाठीच आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून बदला. त्याच कॉम्प्युटरवरून बदलले, तर नवा पासवर्डही तो बघेल.

तिसरा प्रकार बोलायला अवघड, पण बोलायलाच हवा. पाळत ठेवणारा घरातलाच असला तर? समाजकार्याच्या निमित्ताने अशा काही जणी भेटतात. बायको कुणाशी बोलते, काय लिहिते, माहेरी काय कळवते, हे बघण्यासाठी नवऱ्याने लॅपटॉपवर गुपचूप प्रोग्राम टाकलेला. आणि कळल्यावर वर म्हणणार, "तुझ्या काळजीपोटीच टाकला." काळजी समोरून करतात हो, लपून करतात ती पाळत. अशा प्रोग्रामचं नाव टास्क मॅनेजरमध्ये सरळ दिसेलच असं नाही. पण काही खुणा असतात. आपण कुणालाच न सांगितलेली गोष्ट समोरच्याला माहीत असते, आपण न टाकलेला प्रोग्राम यादीत असतो, व्हायरसपासून रक्षण करणारी सोय कुणीतरी बंद करून ठेवलेली असते.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे. एखादी स्त्री इंटरनेटवर, ई-मेलवर काय करते यावर पाळत ठेवणं हा पाठलागाचाच गुन्हा धरलेला आहे. २०१३ साली दंड संहितेत हे कलम आलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ म्हणून आहे. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पण मारहाणीची, धमकीची भीती असेल, तर रागाच्या भरात तो प्रोग्राम लगेच काढून टाकू नका. काढला की समोरच्याला कळतं, आणि पुरावाही जातो. आधी दुसऱ्याच फोनवरून, विश्वासातल्या बाईशी बोला. १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे, तातडीच्या वेळी ११२ आहे. आधी स्वतःचा जीव जपायचा, कॉम्प्युटरचं नंतर बघता येतं.

आणि हाच न्याय आपणही पाळायला हवा ना? मुलं काय बघतात याची धास्ती प्रत्येक आईला असते. लहान मुलांच्या कॉम्प्युटरवर मर्यादा घालणं योग्यच आहे. पण 'तुझ्या कॉम्प्युटरवर मी अशी अशी सोय चालू केली आहे,' हे त्याला सांगून करावं. वाढत्या वयाच्या मुलीचा पडदा चोरून रेकॉर्ड करायचा आणि मग तिनेच आपल्याला सगळं मोकळेपणाने सांगावं अशी अपेक्षा ठेवायची, हे कसं जमणार?

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढे आणि यंत्रांपुढे आपण काय करणार? तर एक ताजं उदाहरण देते. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' नावाची नवी सोय जाहीर केली. नव्या, खास प्रकारच्या कॉम्प्युटरवर दर काही सेकंदांनी पडद्याचं चित्र टिपून ठेवायचं, म्हणजे 'परवा मी ती साडी कुठे पाहिली होती?' असं विचारलं की शोधून मिळेल. ऐकायला छान! पण ती आपोआप चालूच येणार होती. जगभरातल्या जाणकारांनी ओरड केली, की पासवर्डपासून खासगी पत्रांपर्यंत सगळं एका जागी साठवणं धोक्याचं आहे. पुढच्याच महिन्यात कंपनीने धोरण बदललं. वापरणाऱ्याने स्वतः 'हो' म्हटलं तरच ती चालू होईल, असं ठरवलं. सुरक्षितता वाढवून एप्रिल २०२५ मध्ये ती सर्वांसाठी आणली. विचारणाऱ्यांनी विचारलं म्हणून एवढ्या मोठ्या कंपनीलाही 'आधी परवानगी' म्हणावं लागलं. नवा लॅपटॉप घेताना दुकानदार पटापट 'येस, येस' दाबत जातो, तेव्हा त्याचा हात थांबवून 'हे कशाचं येस?' असं आपणही विचारायला काय हरकत आहे?

मला विचाराल तर चित्रीकरण वाईट नाहीच. गणिताची शिकवणी घेणारी बाई पडद्याचं रेकॉर्डिंग करून मुलांना पाठवते, आमच्याच गटाने हिशेब कसा लिहायचा याची चित्रफीत केली आहे. वाईट आहे ते न विचारता होणारं चित्रीकरण. आपल्याकडे न विचारता कुणाच्या स्वयंपाकघरात शिरत नाहीत. पडद्यालाही तोच उंबरठा हवा. आणि त्याची राखण घरातल्या पुरुषावर, शेजारच्या मुलावर किंवा दुकानदारावर सोपवून चालणार नाही. कारण ज्याच्याकडे ती सोपवली, तोच बघणारा निघाला तर?

म्हणून माझं एक सांगणं आहे. बचत गटाच्या, महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक तास काढा. कुणाचाही एक लॅपटॉप मध्ये ठेवा. टास्क मॅनेजर उघडा, सेटिंग्जमधले 'कॅप्चर्स' बघा, कोणकोणते प्रोग्राम टाकलेले आहेत ती यादी वाचा, आणि जे नाव ओळखीचं नाही ते वहीत लिहून घ्या. लगेच पुसू नका, आधी विचारा. कॉम्प्युटरचे वर्ग चालवणाऱ्यांनाही विनंती, टायपिंग आणि तक्ते शिकवता तसा हा एक धडाही शिकवा. एकीला जमलं की ती दहा जणींना शिकवेल, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. मग, बोलावताय ना बैठक?